सुपातलं डॅनवूड

गाठ दिसली आणि सुपडूचा हात डॅनवूडच्या पोटात तसाच थबकला. सकाळचे साडेनऊ झाले होते. बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत, जुन्या चादरीवर, तो जडशीळ अॅम्प्लिफायर आडवा पडला होता. त्याचे बारा स्क्रू स्टीलच्या वाटीत होते, आतली लोखंडी चौकट बाहेर काढून उपडी केलेली होती, आणि सुपडू महाजन, वय वर्षं अडुसष्ट, चष्मा कपाळावर चढवून तिच्यात डोकावत होता. त्रेचाळीस वर्षांत त्यानं हे कधी केलं नव्हतं. वाल्व गेला तर मागची जाळी काढून बदलायचा, फ्यूज बाहेरून घालायचा, दसऱ्याला हळदकुंकू वाहून आपली बेस गिटार लावायचा आणि दहा मिनिटं वाजवायचा. पण तळाशी हात घालायची त्याची छाती झाली नव्हती. विलायती वस्तू; बिघडली तर भुसावळपासून इंदूरपर्यंत कोण दुरुस्त करणार? आणि आज त्या विलायती वस्तूच्या पोटात, लाल-काळ्या-पिवळ्या तारांची जुडी कोपऱ्यावर वळत होती तिथे, पांढऱ्या सुताची एक गाठ होती. खळ लावलेल्या सुताची. चपटी, तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही शेपट्या डाव्या बाजूला पडलेल्या. थोडं पुढे आणखी एक. मग आणखी. सुपडूनं मोजायला सुरुवात केली आणि सातव्या गाठीवर सोडून दिली.

हे सगळं उकरून काढलं त्या मोहितनं. मोहित इंदूरचा, तिशीच्या आसपासचा. जुने वाल्वचे अॅम्प शोधायचे, ओळखायचे, चालू करायचे, हा त्याचा धंदा होता की नाद हे सुपडूला अजून नीट कळलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो इंदुरात जुन्या वाद्यांचं प्रदर्शन मांडणार होता आणि सुपडूचं डॅनवूड त्यात मधोमध ठेवणार होता, खाली सुपडूच्या नावाची चिठ्ठी लावून. आज संध्याकाळी चार वाजता तो गाडी घेऊन न्यायलाच येणार होता. परवा फोनवर म्हणाला, "काका, मेक काय आहे ते प्लेटवरून नाही ठरवायचं. प्लेट तर कोणीपण लावून देतो. मेक अंदरसे पता चलता है." मग त्यानं धडाच दिला. आवाजाच्या बटणामागे जो गोल डबा असतो त्याच्या पाठीवर आकडे असतात, त्यात कारखाना, साल आणि आठवडा लपलेला असतो. ट्रान्सफॉर्मरवर शिक्का असतो. तारा कशा वळवल्या, कशानं बांधल्या, यावरून कोणत्या कारखान्याचा हात आहे ते सांगणारी माणसं असतात, आणि दोन अॅम्प शेजारी ठेवून उघडले तर मग विचारायलाच नको. "बस, पीछे का खोलके दोन-तीन फोटो पाठवा. प्लग मात्र आधी दिवसभर काढून ठेवा, करंट जमा राहतो त्याच्यात." सुपडूला राग आला होता. ज्यानं पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात लाइनी तपासल्या, ज्याला नुसत्या श्वासावरून पलीकडचा माणूस ओळखू यायचा, त्याला हा कालचा मुलगा मेक ओळखायला शिकवत होता! मेक ओळखायला कान लागतात, असं तो फटकन बोलूनही गेला. मोहित हसला आणि म्हणाला, "हो काका, पण फोटो पण लागतात."

ही गाठ सुपडूला पाठ होती. मागावर ताण्याचा धागा तुटला की साळी दोन टोकं चिमटीत धरतो आणि बघता बघता ही गाठ मारतो. ती सुटत नाही, सरकत नाही आणि फणीतून अडकल्याशिवाय पार होते. शेजारचा लोटू साळी, सुपडूचा लहानपणापासूनचा सोबती, सहा वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागापाशी बसून धागे जोडायचा. डावरा होता, म्हणून त्याच्या गाठीच्या शेपट्या उलट बाजूला पडायच्या, आणि बाप करवादायचा, की सगळ्या कापडात याची गाठ तेवढी वेगळी दिसते. पुढे लोटूनं बुधवाऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हाही तारा बांधायला त्याला दुसरं काही चालायचं नाही. घरून खळीचं सूत आणायचा आणि बोलता बोलता डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाठी मारत राहायचा. सुपडू तिथं तासन् तास बसायचा. तेव्हा त्याला हे सगळं फार साधं वाटायचं. आता त्यानं मोबाईलचा उजेड पाडला आणि आणखी आत पाहिलं. बटणामागच्या डब्यावर आकडे नव्हतेच, नुसतं मेड इन इंडिया. ट्रान्सफॉर्मरवर शिक्क्याच्या जागी काळा, अंगठ्याएवढा ठिपका होता. त्यानं बोट लावलं. बोट काळं झालं. काजळ. कोणीतरी ट्रान्सफॉर्मरला तीट लावली होती, तान्ह्या पोराला लावतात तशी. सुपडू चादरीवर मागे सरकून भिंतीला टेकून बसला आणि त्याच्या कानात एक बारीक गुंजारव सुरू झाला, जुना अॅम्प नुसता चालू ठेवला की होतो तसा.

डॅनवूड आलं होतं भुसावळहून, अठ्ठ्याहत्तर साली. तिथल्या रेल्वेच्या नाचगाण्यांत बेस वाजवणारा एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून निघाला होता, त्याच्याकडून ते सुपडू बेस वाजवायचा त्या 'तापी तरंग' ऑर्केस्ट्रानं विकत घेतलं. त्या वेळी बुऱ्हाणपुरात बेस गिटार म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं. चार तारांची गिटार पाहून बाया हळहळायच्या की बिचाऱ्याच्या दोन तारा तुटल्यात. पण डॅनवूडमधून पहिला सूर निघाला की पुढच्या रांगेतले लोक आपल्या छातीला हात लावून बघायचे. लोटूनं ते उघडलं, पंधरा दिवस वहीत चित्रं काढली, आणि म्हणाला, मी असंच दुसरं करतो. सगळे हसले. त्यानं पहिलं केलं, ते रावेरला एका लग्नात धूर सोडून मेलं. दुसरं केलं, ते इच्छापुरात नवरात्राच्या कार्यक्रमात, ऐन गाण्यात जळलं. लोक जळक्या वार्निशाचा वास घेत मागे सरकले आणि लोटू स्टेजच्या खाली उभा राहून नुसता बघत राहिला. मग एक्क्याऐंशी साली त्यानं तिसरं पुरं केलं. दोन्ही पेट्या स्टेजवर जोडीनं दिसाव्यात म्हणून दोन्हींना एकच काळं रेक्झिन चढवलं, पुढच्या जाळीला आपल्याच मागावरचं एकच राखी कापड लावलं. फरक काय तो डाव्या कोपऱ्यातल्या, डॅनवूड लिहिलेल्या पितळी प्लेटचा. एकावर होती, एकावर नव्हती.

आणि मग तो दिवस. सुपडूला तो दिवस आठवायचा नव्हता, म्हणून तो उठला, पाणी प्याला, वाटीतले स्क्रू पुन्हा मोजले, खिडकीतून खाली रस्ता बघितला, आणि आठवलाच. तालमीची खोली, सात वादक, दाराशी उभा लोटू. सुपडूनं बेस गळ्यात घातली, आधी एका पेटीवर वाजवली, मग दुसरीवर. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण कान म्हणजे सुपडूचे कान असं गावात ठरूनच गेलं होतं. पंचवीस वर्षांचं वय आणि सात माणसं तोंडाकडे बघताहेत, त्यानं प्लेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "हे बोलतं. लोटूचं नुसतं भुंकतं." खोलीभर हशा. लोटूही हसला. पुढे कितीतरी दिवस ढोलकीवाला लोटू दिसला की हळूच भुंकायचा, आणि लोटू तेव्हाही हसायचा. दोन महिन्यांत त्यानं दुकान बंद केलं आणि पॉवरलूमवर यंत्रं दुरुस्त करायला लागला; पुढे तापीपलीकडे जैनाबादला राहायला गेला. ऑर्केस्ट्राही फार टिकला नाही. सामानाची वाटणी झाली तेव्हा डॅनवूड अर्थातच सुपडूला मिळालं, आणि लोटूनं आपली बिनप्लेटची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली. भांडण काही झालं नाही. लग्नकार्यात, कोणाच्या दहाव्याला भेटत राहिले, बरा आहेस का, बरा आहे. वर्षं अशी सरून गेली.

म्हणजे भुंकलं ते विलायती होतं. सुपडूला याचंच हसू आलं. प्लेटचे स्क्रू त्यानं निरखून बघितले. एका स्क्रूची खाच घसरून झिजली होती, काढून पुन्हा लावल्यासारखी. लोटूनं प्लेट आपल्या पेटीवर लावली होती. का? थट्टा म्हणून? लोटू थट्टा करणाऱ्यांतला नव्हता, थट्टा सोसणाऱ्यांतला होता. फसवायला? फसवून पदरात काय पडलं, तर भुंकण्याचा शिक्का. सुपडू खोलीत येरझारा घालू लागला आणि प्रत्येक फेरीला आडव्या पेटीला वळसा घालू लागला. हे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते त्याच्या ओळखीचं होतं. जिभेच्या टोकावर आलेलं नाव आठवू नये तसं ते टोचत होतं. काजळाची तीट. आधीचे दोन गेलेले. तिसरं दुसऱ्याच्या नावावर. त्याचे पाय एकदम थांबले, कारण ते त्याचंच नाव होतं. सुपडू.

त्याच्या आधी आईचे दोन मुलगे गेले होते. तिसरा झाला तेव्हा बाळंतघरातून त्याला सुपात घातलं आणि सूप शेजारच्या भागाबाईच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. भागाबाईनं ते उचलून घरात घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, हे माझं. पाच दिवस तो भागाबाईचा मुलगा होता; आई दूध पाजायला यायची ती परक्याच्या घरी यावं तशी, आणि माझा हा शब्द तोंडातून काढायची नाही, कारण वाईट नजरेला ऐकू गेलं तर संपलं. पाचव्या दिवशी तिनं ओंजळभर ज्वारी भागाबाईच्या पदरात घातली आणि मुलाला विकत घेऊन परत आणलं. म्हणून सुपडू. आणि ती भागाबाई लोटूची आई. तिनं आपल्या पोराला जन्मल्याबरोबर जमिनीवर लोटून दिलं होतं, नकोसा आहे असं दाखवायला, म्हणून लोटू. म्हातारी होईपर्यंत ती सुपडूला बघून म्हणायची, माझं सुपातलं पोरगं आलं. त्याला या नावाची लहानपणी इतकी लाज वाटायची की एक्स्चेंजात त्यानं स्वतःला एस. महाजन म्हणवून घेतलं. आणि त्याच लाजेपोटी, बहुतेक, त्याला त्या वेळी काही सुचलं नाही. सगळ्या खोलीत ज्याला कळायला हवं होतं, तो एकटा माणूस प्लेटवर टिचकी मारत होता.

इथपर्यंत आल्यावर दुसरं कोणी शांत झालं असतं. सुपडूला मात्र इथून पुढेच खरी आग लागली. कारण आता प्रश्न लोटूचा राहिला नव्हता. त्या दिवशी आपण काय केलं? दोन पेट्यांतली चांगली पेटी कानांनी ओळखली, जी लोटूची निघाली? की पितळी प्लेट डोळ्यांनी वाचली आणि कानांना सांगितलं, हे चांगलं म्हणा? पहिलं खरं असेल तर लोटूनं विलायतीवर मात केली होती. दुसरं खरं असेल तर सुपडूचे कान, ज्यांच्यावर तो आयुष्यभर फुशारला, ते सणासुदीला भिंतीवर लावायच्या चित्रासारखे नुसते शोभेचे. त्यानं आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या पेटीचा आवाज, दुसऱ्या पेटीचा. काही म्हणजे काही आठवेना. हशा आठवत होता, लोटूचे पुढे आलेले दात आठवत होते, टिचकीचा टण् आवाज आठवत होता. सूर आठवत नव्हता. बायकोनं, कोकिळानं, दारातून डोकावून विचारलं, "अहो, काय तो पसारा! भाकरी गार होऊ राह्यली. तो मुलगा चारला येणार, अन् तुम्ही पेटीचं पोट फाडून बसले."

"हे डॅनवूड नाही," सुपडू म्हणाला. "लोटूनं केलेलं आहे."

कोकिळानं पेटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "मग? आवाज तर तोच येईल ना?" तिला विनोद करायचा नव्हता, पण सुपडूला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती पुढे म्हणाली, "एवढं लागलं मनाला तर लोटूभाऊंना विचारून या. जैनाबाद काय लंकेत आहे?" आणि ती भाकरी झाकायला निघून गेली. सुपडूनं चौकट परत बसवली, बाराच्या बारा स्क्रू लावले, आणि जेवला नाही.

रिक्षावाल्यानं पेटीचं एक टोक धरलं, दुसरं सुपडूनं. बेस गिटार मांडीवर उभी. रिक्षा तापीच्या पुलावर आली तेव्हा पाणी खूप खाली होतं, काठावर कोणी चादरी वाळत घातल्या होत्या, आणि समोरून केळीचे घड भरलेला ट्रक आला म्हणून रिक्षा कडेला थांबली. सुपडूला वाटलं, परत फिरावं. चार वाजता मोहित येईल, पेटी घेऊन जाईल, चिठ्ठीवर डॅनवूड लिहील, लोक फोटो काढतील. कोणाचं काय अडतंय? लोटूनं त्रेचाळीस वर्षं तोंड उघडलं नाही, आताही उघडणार नाही. मोहितला फोटो पाठवायचे राहिले असं सांगता येईल. पण मोहित एक ना एक दिवस ती उघडेलच, आणि तसल्या गाठी कोणत्याही कारखान्यात मारत नाहीत हे त्याला कळेल, आणि तो कोणातरी अनोळखी कारागिराची नक्कल म्हणून ती कोपऱ्यात ठेवील. भुंकण्यापेक्षा ते वाईट होतं. ट्रक गेला. रिक्षावाला म्हणाला, "काका, पेटी में क्या है, लोहा?" सुपडू म्हणाला, "हां, लोहा."

लोटूचं घर जैनाबादच्या आतल्या बाजूला, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा ओटा. लोटू ओट्यावर बसून एका पंख्याची मोटर गुंडाळत होता. वाळून चिपाडासारखा झाला होता, पण डावा हात तसाच सरसर चालत होता. त्यानं आधी सुपडूला पाहिलं, मग पेटी पाहिली, आणि हात थांबला. "ये ना भो," तो म्हणाला. "आज कसाले आठवन आली?" त्याची बायको मालूबाई पदर सावरत बाहेर आली. "भाऊजी, बसा नं. चहा टाकते." आतल्या खोलीत दाराच्या डाव्या हाताला ती दुसरी पेटी होती, वर विणलेला रुमाल, त्यावर लोणच्याच्या दोन बरण्या. रिक्षावाल्यानं सुपडूची पेटी खिडकीखाली टेकवली. त्रेचाळीस वर्षांनी दोघी एका खोलीत आल्या. सुपडूनं ठरवलेली सगळी वाक्यं वाटेतच सांडली होती. तो एवढंच म्हणाला, "लोटू, आज उघडली मी. आत तुझ्या गाठी आहेत."

लोटू पेटीकडे न बघता म्हणाला, "इलायती हाय ती. प्लेट हाय ना तिच्यावर."

"तीट लावली होतीस तू. माझ्या बोटाला लागली." सुपडूनं काळं बोट पुढे केलं. ते त्यानं धुतलंच नव्हतं.

लोटू त्या बोटाकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू ढिला पडला. "मायनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "पह्यले दोन जळाले, तिसरं तुझ्या नावावर नको ठेऊ. पाच दिवस दुसऱ्याचं म्हन, पाचव्या दिवशी ज्वारी देऊन सोडवून आन. मी प्लेट लावून दिली. कोनाले सांगायचं नसते ना ते. तू तिसऱ्या दिवशीच निकाल देऊन टाकला." त्यानं प्लेटकडे हात केला. "मग कोन्या तोंडानं सोडवू? सगळे म्हनले असते, पाह्य, इलायती चांगली निघाली तर म्हनतो माझी हाय."

"नंतर सांगायचंस. मला एकट्याला."

"काय सांगू? मलेच मालूम नव्हतं." लोटूचा आवाज पहिल्यांदा चढला. "तू माझी पेटी चांगली म्हनला, बरोबर? पन तू आवाज वळखला का प्लेट वाचली? मी रोज तेच इचार करे. सायकलवर, लूमवर, झोपीत. आवाज वळखला असीन तर मी राजा. प्लेट वाचली असीन तर मी कोनीच नाही. तुले इचारायची हिंमत नाही झाली. तू म्हनला असता, आवाज. अन् मले खरं नसतं वाटलं." सकाळपासून सुपडू ज्या काट्यावर तडफडत होता, त्या काट्यावर हा माणूस त्रेचाळीस वर्षं बसला होता. मालूबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती आणि आत यावं की नाही ते तिला कळत नव्हतं.

"आज सांगतो," सुपडू म्हणाला. "दोन्ही लाव. मी भिंतीकडे तोंड करून वाजवतो. तू वायर बदलत राहा, मला काही सांगू नको." लोटूनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं, मग उठून बरण्या खाली ठेवल्या, रुमाल झटकला. त्याच्याकडची पेटीही चालत होती. दर दसऱ्याला चालवतो, असं मालूबाईनंच सांगितलं. दोन्हींची बटणं दाबली. वाल्व तापायला लागले, जाळीतून नारिंगी उजेड दिसला, तापल्या धुळीचा आणि जुन्या रेक्झिनचा वास खोलीत पसरला, आणि दोन्हींचा गुंजारव एकत्र होऊन सुपडूच्या कानातल्या गुंजारवात मिसळला. तो भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला. समोर एक कॅलेंडर होतं. त्यानं डोळे मिटले आणि खालची तार छेडली.

सूर पाठीत शिरला; एवढ्याशा खोलीत बेसचा सूर सगळ्या भिंतींतून येतो, दिशा कळत नाही. जुना, जाड, उबदार, पोटापर्यंत जाणारा. सुपडूनं तो लांबवला, दोन-चार सुरांची उतरण घेतली. मागे वायर निघाल्याचा खट् आवाज, लोटूच्या चपला तीन पावलं फरफटल्या, पुन्हा खट्. पुन्हा तीच उतरण. आणि सुपडूच्या लक्षात आलं, की आपल्याला कळलंय. लोटू दाराकडून खिडकीकडे गेला होता. खिडकीखाली त्यानं स्वतः केलेली, प्लेटवाली पेटी. हे चपलेनं सांगितलं. आता फक्त तोंड उघडायचं, म्हणायचं, ही तुझी, आणि हीच चांगली. सगळं जागच्या जागी बसलं असतं, लोटू राजा झाला असता, आणि बुऱ्हाणपुरात कान म्हणजे पुन्हा सुपडूचे कान झाले असते. शब्द ओठावर आले. त्या दिवशीही असेच सहज आले होते. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "लोटू, चपला काढ. मला ऐकू येतात."

मागे दोन चपला कोपऱ्यात पडल्या. त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. अनवाणी पाय येत होते, जात होते, कधी जागीच उभे राहत होते; खट्, सूर, खट्, सूर. कधी लोटूनं वायर काढून त्याच पेटीत परत घातली असणार, कधी बदलली असणार. सुपडू सगळे प्राण कानात आणून ऐकत होता. वरचे सूर तपासले, खालचे तपासले, हलक्या हातानं, जोरात. एकदा वाटलं, ही जरा घोगरी. पुढच्याच खट्नंतर तेच दुसरीबद्दल वाटलं. त्याची बोटं दुखू लागली, गंजलेल्या तारांनी टोकं लाल झाली. शेवटी त्यानं हात तारांवर ठेवून सूर दाबला. त्याला रडू येत होतं आणि ते लाजेचं होतं की कशाचं हे बघायला त्याला सवड नव्हती.

"मला फरक कळत नाही," तो म्हणाला.

लोटूचा आवाज आला, अगदी जवळून. "पुन्हा सांग."

"कळत नाही रे. कुठली तुझी, कुठली विलायतेची, मला ओळखू येत नाही. जीव तोडून ऐकलं. तेव्हाही मला कळलं नव्हतं, मी प्लेट वाचली होती. दोन्ही सारख्याच बोलतात." तो वळला. लोटू वायर हातात धरून मधोमध उभा होता, अनवाणी, आणि त्याचे उरलेसुरले दात दिसत होते. ज्यानं वहीत चित्रं काढून दुसऱ्याच्या वस्तूसारखी वस्तू करायला घेतली, त्याला यापेक्षा मोठं काही ऐकायचं नव्हतं. हे सुपडूला त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर समजलं. लोटूनं बाहीनं नाक पुसलं आणि बायकोला म्हणाला, "मालू, ओंजळभर ज्वारी आन."

"ज्वारी?" मालूबाई अजून कप घेऊनच उभी होती. "परवाच सरली. गहू देऊ का?"

"गहू नाही चालत. शेजारून आन. पाचवा दिवस हाय आज." ती काही न समजून गेली आणि पदरात ज्वारी घेऊन आली. लोटूनं दोन्ही हातांची ओंजळ भरली. सुपडूनं खिशातला रुमाल काढून मांडीवर पसरला. दाणे पडताना थोडे घरंगळून पेटीखाली गेले. लोटू खिडकीखालच्या पेटीपाशी उकिडवा बसला, पंख्याच्या कामातला पेचकस घेतला आणि प्लेटचे स्क्रू काढू लागला. झिजलेल्या खाचेच्या स्क्रूनं जरा त्रास दिला. माझी, असं तो काही म्हणाला नाही, पण प्लेट निघाल्यावर तिच्या जागी उरलेल्या चौकोनावरून त्यानं तळहात फिरवला.

तेवढ्यात सुपडूचा फोन वाजला. मोहित होता. "काका, मी घरी आलो. काकू म्हणतात तुम्ही अॅम्प घेऊन जैनाबादला गेले? सब ठीक ना? अन् ते चिठ्ठी छपायला द्यायची आहे, आज लास्ट डे आहे. नंबर मिळाला का आतून? मेक डॅनवूडच लिहू ना?"

"नाही," सुपडू म्हणाला. रुमालाची चारही टोकं त्यानं एका मुठीत धरली होती. "तो घेऊन जायचा की नाही ते आता मला नको विचारू, मालकाला विचार. इथेच बसलाय. पण मेक मी सांगतो, लिहून घे."

"हां काका, बोला."

"लोटू साळी."

"कोण?"

"लोटू. साळी." तो एकेक अक्षर सुटं करून, एक्स्चेंजातल्यासारखं मोठ्यानं म्हणाला, आणि मागून पेचकस खाली ठेवत लोटू म्हणाला, "बुऱ्हानपूर बी सांग त्याले."